अर्धं भरलेलं पेन

साखर पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी एक टेबल,
टेबलावर काच, काचेखाली निबा,
आणि एका डोळ्याला भिंग लावलेले नरसय्या चिप्पा
माझं पेन उघडतात
दाढ बघावी तसं.

"अर्धं भरून खिशात ठेवता का?"

ठेवतो.

"मग गळणारच की.
एप्रिलात इथं हवासुद्धा अंग पसरती.
पेनाच्या पोटात मोकळी जागा दिसली की फुगती
आणि शाईला म्हणती, तू हो बाहेर.
भरायचं तर काठोकाठ भरा,
नाहीतर कोरडं ठेवा."

माझ्या तीन शर्टांना खिशाखाली निळे नकाशे आहेत.
बायको त्यांना फक्त घरात घालू देते.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
हजेरी लिहितो, पगार लिहितो.
अठ्ठेचाळीस माग एकदम सुरू झाले
की टेबल थरथरतं, पेन एक थेंब टाकतं,
परवा तो नेमका अंबव्वा गुर्रमच्या शनिवारावर पडला.
ती आली होती की नव्हती,
आठवडाभर वाद.

"शाईला कुणी ढकलत नाही, साहेब."
चिप्पा निब उजेडासमोर धरतात.
"ही चीर बघा, केसाहून बारीक.
शाई हिच्यातनं आपली आपण सरकती,
कागद टेकला की ओढून घेतो.
पण जितकी खाली उतरती
तितकी हवा वर चढावी लागती.
वाट दोघींना पाहिजे."

मग निबेखालची काळी जीभ काढून दाखवतात.
तिला आडव्या खाचा, मागाच्या फणीसारख्या.
जादा शाई तिथं थांबते,
उंबऱ्यात पाहुणा थांबावा तशी.
माझ्या खाचांत पाच वर्षांचा गाळ.

टाकाला तर पोटच नसतं, म्हणाले.
त्यांचे वडील चादरीच्या नक्षीचे चौकोन
टाकानं भरायचे आलेखाच्या कागदावर,
एका मोराला पाच दिवस.
पिसाच्या मधोमध शाई संपायची.
"बुडवायला हात उचलला
तेवढाच श्वास."

आणि बॉलपेन?

"त्यात मला काय काम?
खोबणीत एक गोळी, मोहरीच्या पोराएवढी,
मागं शाई वंगणासारखी.
गोळी मागनं माखून येती,
पुढं पुसून जाती.
गळत नाही, मागाला घाबरत नाही.
फक्त दाबावं लागतं."

जेल?

"ती लाडाची.
बसली की दही, गोळी फिरली की ताक.
म्हणून पळती. म्हणून संपती पण लवकर."

माझी शांभवी बॉलपेननंच लिहिते.
एकदा तिची गणिताची वही पालथी करून
मी पानामागून बोट फिरवलं,
सगळं हाताला लागत होतं,
आणि जिथं उत्तर येत नव्हतं
तिथं जास्त खोल.

माझी हजेरीवही मागून सपाट आहे.
सव्वीस वर्षं
मी कुणाच्याच पगारावर
जोर दिला नाही.

"तीस रुपये."

पावती मागितली.
चिप्पांनी कानामागचं बॉलपेन काढलं.
मी बघत राहिलो, तसे हसले.
"खाली कार्बन आहे की.
निबेचं अक्षर वरच्याच कागदावर राहतं."
आणि टेबल डुगडुगेपर्यंत रेटून लिहिलं:
एक नग, साफ केले.

पेन काठोकाठ भरून घेतलं.
खिशात न ठेवता हातातच धरून
उन्हातून स्टॉपपर्यंत आलो.
सिटीबसमध्ये कंडक्टर म्हणाला,
लिहायला आहे का काही, काका?

टोपण काढून दिलं.
दाबू नका, म्हणालो.